यमूचे बासष्ट इशारे

मुलांनो, एका जंगलात जे घडले ते मी पाहिलेले नाही. हे आधीच सांगून टाकलेले बरे. मी पाणवठ्यावर नव्हते, समितीच्या बैठकींना नव्हते, आणि ज्या संध्याकाळबद्दल अजून वाद चालू आहे त्या संध्याकाळी तर मी त्या जंगलाच्या आसपासही नव्हते. माझ्याकडे समितीचे इतिवृत्त आहे, एका साळिंदराने ठेवलेली नोंदवही आहे आणि तीन साक्षीदारांचे म्हणणे आहे. त्यांपैकी एक मोर आहे. त्याच्या म्हणण्याला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा.

तर नीट बसा, आणि मध्येच 'वाघ कुठे होता' असे विचारू नका. या गोष्टीत वाघ नाही. वाघ असता तर समिती नसती.

त्या जंगलात एक नदी होती. उन्हाळ्यात ती आटे आणि तिच्या पात्रात दोनच डोह उरत. वरचा डोह खडकात होता. तिथे जायला उभा चढ होता, म्हणून धडधाकट प्राणी तिकडे जात. खालचा डोह मातीच्या काठाचा होता. तिथे म्हातारे, लंगडे, गाभण आणि लेकुरवाळे प्राणी येत. बिबट्या दोन्हीकडे येई. त्याला चढाचे काही वाटत नसे.

प्रत्येक डोहावर एक राखणदार असे. बिबट्याची चाहूल लागली की राखणदाराने ओरडायचे आणि बाकीच्यांनी पळायचे. पद्धत इतकी साधी होती की तिला कोणी नावही दिले नव्हते.

वरच्या डोहावर राजस नावाचा मोर होता. खालच्या डोहावर यमू होती. यमू हे भेकर होते. भेकर म्हणजे कुत्र्यासारखे भुंकणारे एक लहानखुरे हरीण. हा शब्द नपुंसकलिंगी आहे, पण यमू मादी होती, म्हणून मी तिला 'ती' म्हणणार आहे.

यमू घाबरट होती. राखणदारीसाठी तिची निवड त्याच गुणावर झाली होती. वाळकी काटकी मोडली की ती भुंके. वानरे एकाएकी गप्प झाली की भुंके. वारा एकीकडून आणि गवत दुसरीकडून हलले की भुंके, आणि एकदा भुंकू लागली की बराच वेळ थांबत नसे. मग चितळ, सांबर, ससे, सगळे पाणी अर्धवट टाकून पळत. काही वेळाने परत येत. उरलेले पाणी पीत. त्या उन्हाळ्याच्या पहिल्या दोन महिन्यांत खालच्या डोहावर एकही प्राणी मारला गेला नाही.

काहीच घडत नव्हते, म्हणून पहिल्या आठवड्यातच तक्रारी सुरू झाल्या.

पहिली तक्रार एका रानडुकराची होती. "घोटभर पाणी घशाखाली उतरत नाही तोच ही बाई सुरू," तो पाणवठा समितीपुढे म्हणाला. "परवा मी तीनदा पळालो. या वयात तीनदा. बिबट्याचे शेपूटसुद्धा दिसले नाही."

"मग पळू नकोस," कोणीतरी मागून म्हणाले.

"वा. आणि तो खरेच आला तर?"

समितीचे अध्यक्ष दाजीसाहेब होते. दाजीसाहेब हे गवा होते. गवा कसा दिसतो हे माहीत नसेल तर एक छोटी खोली डोळ्यांसमोर आणा आणि तिला शिंगे लावा. बिबट्या गव्याच्या वाटेला जात नाही. त्यामुळे बिबट्यासंबंधीच्या प्रश्नांवर दाजीसाहेब नेहमी अत्यंत समतोल मत देत.

"प्रश्न दोन्ही बाजूंचा आहे," ते म्हणाले. "तहान हीही एक हानीच आहे."

हे खोटे नव्हते. भर उन्हात अर्धे पाणी पिऊन पळणे लहानसहान प्राण्यांना खरोखर जड जाते. त्या उन्हाळ्यात दोन म्हातारी सांबरे दमून बसली ती उठली नाहीत. तेव्हा कोणी रानडुकराला मूर्ख म्हणू नये. पुढे त्याचे जे झाले त्यावरूनही म्हणू नये.

याच सुमारास दिगंबर साळिंदर जंगलात परत आला. दूरच्या एका पठारावर राहून तो आकडेशास्त्र शिकला होता. तिथे सर्व निर्णय मोजून घेतात, असे त्याने सांगितले.

"आपल्याकडे निर्णय कसे घेतात?" त्याने विचारले.

दाजीसाहेबांनी क्षणभर विचार केला. "घाबरून," ते म्हणाले.

"यापुढे आपण मॉडेलला विचारू."

हा शब्द जंगलात नवीन होता. सगळ्यांनी आदराने माना डोलावल्या. फक्त गोदाक्का पुढे आली. गोदाक्का म्हणजे खालच्या डोहावरच्या चितळांतली वडीलधारी. तिला त्या वर्षी उशिरा पाडस झाले होते. ते उभे राहायला नुकतेच शिकले होते. चढ चढून वरच्या डोहावर जाणे त्याला शक्य नव्हते, म्हणून खालचा डोह सोडणे तिला शक्य नव्हते.

"हे मॉडेल कोण?" तिने विचारले.

"कोण नाही, अक्का. ती एक रीत आहे. मागे काय काय झाले ते भरायचे. पुढे काय होईल ते निघते."

"त्याला कधी बिबट्याने धरले आहे का?"

"त्याचा इथे संबंध नाही."

"बरे," गोदाक्का म्हणाली. "मला वाटले, विचारून ठेवावे."

दिगंबर कामाला लागला. तो अत्यंत प्रामाणिक होता, हे मला इथे आवर्जून नोंदवायचे आहे. तो पहाटेपासून दोन डोहांमधल्या टेकाडावर बसे. राखणदार ओरडला की तो आपला एक गळलेला काटा जमिनीत रोवी आणि रात्रीपूर्वी सगळे काटे मोजून वहीत उतरवी. एकही काटा त्याने जास्त रोवला नाही की कमी रोवला नाही.

खरा इशारा कोणता आणि खोटा कोणता हे ठरवण्यासाठी त्याने एक नियम केला. इशाऱ्यानंतर डोहावर उपस्थित असलेल्या किमान दोन साक्षीदारांनी बिबट्या प्रत्यक्ष पाहिला, तर इशारा खरा. अन्यथा खोटा.

यमूने हा नियम दोनदा ऐकला. मग म्हणाली, "मी भुंकले की तिथे उपस्थित कोण राहील?"

"म्हणजे?"

"सगळे पळतात. त्यासाठीच भुंकते मी."

"तो साक्षीदारांच्या उपलब्धतेचा प्रश्न झाला, यमूबाई," दिगंबर म्हणाला. "व्याख्येत दोष नाही."

"आणि बिबट्यालाही ऐकू जाते ना. आपल्याला पाहिले आहे हे कळले की तो वळतो. उगाच कशाला धावेल तो?"

"हे आपले अनुमान आहे."

"माझे नाही, त्याचे आहे. त्यालाच विचारा."

दिगंबरने तेही वहीत लिहिले. शेरा असा: 'राखणदाराची भूमिका बचावात्मक.'

दोन महिन्यांचा हिशेब असा निघाला. यमू बासष्ट वेळा भुंकली होती. त्यांपैकी खरे इशारे दोन. त्या दोन वेळांचे साक्षीदार म्हणजे काठावर ऊन खात बसलेली दोन कासवे. तीही धैर्याने थांबली नव्हती. त्यांना पळता आले नव्हते. यमूची अचूकता शेकडा तीन पूर्णांक दोन भरली.

राजस मोराने पाच वेळा केका काढली होती. पाचही वेळा बिबट्या दिसला होता. सर्वांना, अगदी स्पष्ट. अचूकता शंभर टक्के.

"कसे जमते हो तुम्हाला?" गोदाक्काने त्याला विचारले. हा संवाद मला मोराकडूनच कळला, आणि तो त्याने अभिमानाने सांगितला, म्हणून तो खरा असावा.

"संयम," राजस म्हणाला. "खात्री झाल्याखेरीज मी चोच उघडत नाही."

"आणि खात्री कधी होते?"

"सांबर त्याच्या तोंडात असते तेव्हा. त्याआधी मत बनवणे उतावीळपणाचे ठरते."

"पण मग त्या सांबराला तुमचा काय उपयोग?"

"अक्का, तुम्ही एका सांबराच्या दृष्टीने पाहता आहात," मोर म्हणाला आणि पिसारा नीट करू लागला.

दिगंबरने एक पाहणीही केली. पाणवठ्यावरून परतणाऱ्या प्रत्येक प्राण्याला त्याने वाटेत थांबवून विचारले, "पाणी पिऊन सुखरूप परत आलात का?" दोन्ही डोहांवरच्या एकूण एक प्राण्यांनी 'हो' म्हटले. एकानेही 'नाही' म्हटले नाही. सुखरूपतेचे प्रमाण दोन्हीकडे समान आहे, असा निष्कर्ष त्याने काढला.

मग मोठी बैठक झाली. दिगंबरने वाळूत दोन आडव्या रेघा ओढल्या. एक नखाएवढी होती. दुसरी गव्याच्या पाठीएवढी.

"ही यमूबाईंची अचूकता, ही राजसरावांची," तो म्हणाला.

रेघा इतक्या बोलक्या होत्या की दाजीसाहेबांना स्पष्टीकरणाची गरज वाटली नाही. गोदाक्काला मात्र वाटली.

"बिबट्याने प्राणी मारले किती?" तिने विचारले.

"तो आकडा परिशिष्टात आहे."

"मग वाचा की."

दिगंबरने वही उलटली. "वरचा डोह, पाच. खालचा डोह, शून्य."

बैठकीत थोडी चुळबुळ झाली.

"मग तो मागे कशाला लपवला?"

"लपवला नाही, अक्का," दिगंबर शांतपणे म्हणाला. त्याला खरोखरच लपवायचे नव्हते. "समितीने मला इशाऱ्यांची अचूकता मोजायला सांगितली होती. जिवंत राहण्याविषयी विचारले नव्हते. तो वेगळा अभ्यास होईल."

"शून्य हा तसा फार लहान आकडा आहे," दाजीसाहेब म्हणाले. "त्यावरून काही ठरवणे धोक्याचे."

मुलांनो, वहीतली आकडेमोड मी स्वतः दोनदा तपासली आहे. तीत एकही चूक नाही. बासष्टात दोन म्हणजे शेकडा तीन पूर्णांक दोनच होतात. जे चुकले ते आकडेमोडीला हात लावण्यापूर्वीच चुकले होते, आणि तिथवर कोणी तपासत नाही.

ठराव झाला. खालच्या डोहाची राखणदारी यमूकडून काढून घेण्यात आली. राजसने दोन डोहांमधल्या अर्जुनाच्या झाडावर बसावे आणि दोन्हीकडे पाहावे, असे ठरले. यमू सवयीने भुंकत राहील अशी भीती होती, म्हणून दुसरे एक कलम घालण्यात आले. यापुढे तिने दिलेला इशारा खरा ठरला नाही, तर पाऊस पडेपर्यंत तिला दोन्ही डोहांवर पाणी बंद.

"म्हणजे मी गप्प बसावे?" यमूने विचारले.

"असे कुठे म्हटले आहे?" दाजीसाहेब म्हणाले. "तुम्ही जरूर भुंका. फक्त अचूक भुंका."

अहवाल सर्वांना पाहता यावा म्हणून वारुळाजवळ ठेवण्यात आला. बिबट्यानेही येऊन तो वाचला. तोही जंगलाचा रहिवासी होता. बैठकींना येण्याचा हक्कही त्याला होता, पण तो आला की गणपूर्ती टिकत नसे. त्याने परिशिष्टासकट सगळे वाचले, असे वारुळातल्या मुंग्या सांगतात. समितीतल्या कोणी परिशिष्ट वाचल्याची नोंद नाही.

पुढच्या सोळा दिवसांत खालच्या डोहावर चार प्राणी मारले गेले. दुसरा तो रानडुक्कर होता. चारही वेळा राजसने इशारा दिला आणि चारही वेळा तो खरा ठरला. नऊपैकी नऊ. समितीने त्याचे अभिनंदन केले. पाणवठ्याविषयीच्या तक्रारी निम्म्यावर आल्या. तक्रार करणारेही जवळपास त्याच प्रमाणात कमी झाले होते, पण तो रकाना वहीत नव्हता.

सतराव्या दिवशी सकाळी गोदाक्का यमूला शोधत टेकाडापलीकडे गेली. यमू एका करवंदीच्या जाळीआड उभी होती.

"कशी आहेस?" गोदाक्काने विचारले.

"अचूक," यमू म्हणाली. "सोळा दिवस तोंड उघडले नाही. एकही चूक नाही."

गोदाक्का हसली नाही. पाडस तिच्या पोटाखाली उभे होते आणि तिच्या पायाला पाठ घासत होते.

"काल शेजारणीचे गेले," ती म्हणाली. "माझ्यापासून दोन उड्यांवर. मोर ओरडला तेव्हा मी वळून पाहिले, तर संपलेच होते सगळे."

"ऐकले मी."

"आज संध्याकाळी पुन्हा जावे लागेल. दूध आटत चालले आहे. पाण्याशिवाय हे काय पिणार?"

"दुपारी जा."

"दुपारी बिबट्या झाडावर असतो. परवा सकाळी गेले, तर वाट अडवून होता. तुझ्यावरचा अहवाल वाचला आहे त्याने, यमू. त्याला माहीत आहे."

यमूने एक पान तोडले आणि ते चावत बसली.

"तू भुंकशील का?" गोदाक्काने विचारले.

"भुंकले आणि दोघांनी त्याला पाहिले नाही, तर मला पाणी बंद. पावसाला अजून महिना आहे, अक्का. मी काही उंट नाही."

"मी सांगत नाही भुंक म्हणून. विचारते आहे."

"सांगितले असतेस तर नाही म्हणता आले असते," यमू म्हणाली. "जा आता. त्याला उन्हात उभे करू नकोस."

आता त्या संध्याकाळविषयी. सूर्य अजून मावळला नव्हता, उजेड पुरेसा होता, एवढे सर्वांना मान्य आहे.

गोदाक्काचा कळप तरवडाच्या झुडपांवरून जाणाऱ्या वाटेने डोहावर उतरला. अकरा चितळ आणि ते पाडस. राजस अर्जुनाच्या झाडावर होता. यमू पलीकडच्या उतारावर आली होती. ती पाणी पिण्यासाठी आली होती, असे तिने चौकशीत सांगितले. पाणी पिण्याची तिची पाळी अजून आलेली नव्हती, हेही तिथे नोंदलेले आहे.

यमूच्या म्हणण्यानुसार तरवडाच्या मागे गवताचा एक पट्टा आडवा झाला. वारा नव्हता. आडवे झालेले गवत पुन्हा उभे राहिले नाही. बाकी काही नाही. ना आवाज, ना वास, ना ठिपका.

तिने अर्जुनाच्या झाडाकडे पाहिले. मोर स्वस्थ होता. त्याची खात्री झालेली नव्हती.

पाडसाने नुकतेच पुढचे पाय पाण्यात घातले होते.

यमू भुंकली. सोळा दिवसांचे साठलेले एकदम बाहेर आल्यासारखी भुंकली. कळप उधळला आणि आल्या वाटेनेच, झुडपांना वळसा घालून, वर निघून गेला. डोह रिकामा झाला. बराच वेळ झाला तरी कोणी मेले नाही.

दुसऱ्या दिवशी खालच्या डोहावर चौकशी बसली. गोदाक्का एकटीच आली. समोरच्या काठावर बिबट्यालाही साक्षीला बोलावले होते. मधे पाणी असावे, एवढीच अट प्राण्यांनी घातली.

"काल संध्याकाळी आपण कुठे होता?" दाजीसाहेबांनी विचारले.

"फिरत होतो," बिबट्या म्हणाला. त्याचा स्वर फार सौजन्याचा होता, असे इतिवृत्तात लिहिले आहे. सौजन्य हे लिहिणाऱ्याचेही असू शकते.

"खालच्या डोहाजवळ?"

"तिथून वाट जाते, दाजीसाहेब. कधी तिथून जातो, कधी जात नाही. वेळ कोण लक्षात ठेवतो?"

"तरवडाच्या मागे होता का?"

"यमूबाई म्हणतात तर असेनही. पण मग मला कोणी पाहिले असेल ना." तो गोदाक्काकडे वळला. "लेकराला आणले नाही आज? मला वाटले, भेट होईल."

गोदाक्का दोन पावले मागे सरकली.

दोन कासवांपैकी एकाने काहीतरी पिवळे हलताना पाहिले होते. दुसरे पाण्याखाली होते. नियम दोन साक्षीदारांचा होता. राजसने सांगितले की त्याला काहीही दिसले नाही, आणि त्याची आजवरची अचूकता समितीला माहीत आहेच.

"पाडस जिवंत आहे," यमू म्हणाली. "ते धरा की पुराव्यात."

"जिवंत आम्हीही आहोत, यमूबाई," दाजीसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "इथे बसलेले सगळेच आहेत. त्यावरून काय सिद्ध होते?"

तेवढ्यात दिगंबर उठून वाटेने वर गेला. कोणी त्याला पाठवले नव्हते. तो बराच वेळ परत आला नाही, म्हणून सगळे त्याच्या मागे गेले. तरवडाजवळ, वाटेच्या वळणावर, ओल्या मातीत तो नाक टेकून बसला होता.

तिथे पंजाचा एक ठसा होता. एकच. तो एका चितळाच्या खुरावर पडलेला होता, आणि त्याच्यावर आणखी एक खूर पडलेला होता.

"यमू खरी होती," गोदाक्का म्हणाली.

"थांबा," दिगंबर म्हणाला.

त्याने समजावून सांगितले. कळप सकाळीही याच वाटेने आला होता, परतला मात्र दुसऱ्या वाटेने. खालचा खूर सकाळचा आणि वरचा संध्याकाळी येतानाचा असेल, तर बिबट्या दिवसा कधीतरी इथून गेला, आणि इशारा खोटा. पण खालचा खूर संध्याकाळी येतानाचा आणि वरचा पळून जातानाचा असेल, तर कळप पाणी पीत होता तेव्हा बिबट्या त्याच्या पाठीशी, वाट अडवून उभा होता. मग इशारा खरा. वरचा खूर पाण्याकडे वळलेला की पाण्यापासून दूर, एवढेच पाहायचे होते.

"मग पाहा," यमू म्हणाली. तिच्या पाण्याचा प्रश्न होता.

दिगंबरने पाहिले. वरच्या खुराचा पुढचा भाग मातीचे ढेकूळ निसटून मोडला होता. उरलेल्या अर्ध्यावरून दिशा कळत नव्हती. त्याने एक काटा घेऊन ठशाची खोली मोजली, मग पुन्हा मोजली, मग काटा बाजूला ठेवला.

"काय लिहू या?" दाजीसाहेबांनी विचारले. "खरा की खोटा?"

दिगंबर पुन्हा ठशावर वाकला.

"काहीतरी एक लिहा. ऊन चढते आहे."

"माहीत नाही," दिगंबर म्हणाला.

"हे कोणत्या रकान्यात बसते?"

"कोणत्याच नाही." मग तो यमूकडे न पाहता म्हणाला, "बाकीच्या साठांचेही मला माहीत नाही, दाजीसाहेब. मी ते खोट्यात लिहिले. खाली माती होती. तेव्हा मी ती पाहिली नाही."

इतिवृत्तात हे वाक्य आहे. ते खोडलेले आहे, पण वाचता येते.

समितीने मधला मार्ग काढला. इशारा खरा ठरलेला नाही, म्हणून यमूला पाणी देता येत नाही. खोटाही ठरलेला नाही, म्हणून तिला शिक्षाही करता येत नाही. तेव्हा निकाल लागेपर्यंत तिने डोहावर यावे, परंतु पिऊ नये.

यमू दोन दिवस आली. काठावर उभी राहिली. तिसऱ्या दिवसापासून ती डोंगरापलीकडच्या कपारीतल्या एका झिऱ्यावर जाऊ लागली. तिथे दगडातून थेंब थेंब पाणी येते. एका भेकराचे कसेबसे भागते, कळपाचे भागत नाही. गोदाक्का पाडसाला घेऊन तिच्यामागे निघाली होती. पाडसाला चढ जमला नाही, म्हणून ती परत फिरली. इतिवृत्त संपते तेव्हा ती दोघे खालच्या डोहावरच पाणी पीत होती. राजसची अचूकता अकरापैकी अकरा झाली होती. त्या अकरांत ते पाडस नव्हते, हे मी नावानिशी तपासले आहे. इतिवृत्तानंतरचे माझ्याकडे काही नाही.

दिगंबरने त्या ठशाभोवती काट्यांचे कुंपण घातले होते आणि अधिक अभ्यासासाठी वेळ मागितला होता. चौथ्या दिवशी रानडुकरे तिथे चिखलात लोळली.

तात्पर्य: ज्याला धोका लवकर कळतो त्याने पुरेसा उशीर करायला शिकावे, म्हणजे त्याची अचूकता वाढते. पुराव्यासाठी दर वेळी कोणीतरी खाल्ले जाणे आवश्यक असते. ते आपण नसावे, एवढी काळजी घेतली की निर्णय शास्त्रशुद्ध होतो.

हे तात्पर्य समितीने एकमताने संमत केलेले आहे. जे मतदानाला पोहोचू शकले नाहीत त्यांची मते विचारात घेता आली नाहीत. वरचा खूर येतानाचा होता की पळतानाचा, ते अजून ठरलेले नाही.